मॅडम, बाजूला व्हा

क्रॉसकंट्रीच्या संघात सहा मुली लागतात. सहाजणी पळतात, त्यातल्या पहिल्या चौघींचे नंबर मोजतात, आणि ज्या संघाची बेरीज सगळ्यांत कमी तो जिंकतो. नियम एवढा सोपा. पण आदिलाबादच्या कॉलेजात खेळाची मॅडम म्हणून लागल्यापासून सहाच्या सहा मुली एका सकाळी एका मैदानावर हजर आहेत, असं मी फार थोड्या वेळा पाहिलं. एकीचा उपास असतो. एकीच्या भावाचा साखरपुडा असतो. एकीच्या बुटाचा तळ निघालेला असतो. एक तर सकाळी सहाला जीन्स घालून आली होती, कारण प्रॅक्टिस झाल्यावर तिला परस्पर बँकेत जायचं होतं.

मैदान तरी आमचं कुठे होतं? सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी आतल्या रेघेवरून चौघं-चौघं हात धरल्यासारखी चालायची. मी 'जरा कडेला व्हा' म्हटलं की तहसीलमधून निवृत्त झालेले एक काका थांबायचे, मफलर सारखा करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, मैदान सगळ्यांचं आहे." मग मी मुलींना घेऊन तळ्याच्या रस्त्याला जायचे. तिथे कुत्री.

प्रिन्सिपल साहेब तेलुगू. भला माणूस, आणि त्यांच्या भलेपणाचाच मला जास्त वैताग यायचा. मी तक्रार घेऊन गेले की हसून म्हणायचे, "पर्वालेदु मॅडम." म्हणजे, चालायचंच. "अपने को क्या, पार्टिसिपेशन चाहिए. एक अच्छा फोटो चाहिए." मी घरी मराठी बोलते, ऑफिसात तेलुगू आणि बाहेरच्यांशी हिंदी. त्या वर्षी तिन्ही भाषांत माझं भांडण चालू होतं.

तर त्या वर्षी माझ्याकडे एक पोरगी होती, पैनगंगेच्या अलीकडच्या एका खेड्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी कापूस आणि ज्वारी. ती मला मिळाली बसच्या पासमुळे. पासला कॉलेजची सही लागते आणि त्या महिन्यात ते काम माझ्या गळ्यात होतं. मी एक लबाडी करायचे. सही मागायला येणाऱ्या मुलीला म्हणायचे, आधी मैदानाला चार चकरा मार. बहुतेक जणी हसून अर्धी चक्कर मारायच्या आणि मी सही करून टाकायचे. ही म्हणाली, "चार झाल्यावर सही पक्की न?" आणि पाठीवरचं दप्तर न काढता सुटली.

"अगं, दप्तर तरी ठेव."

"कोनं नेलं तर?"

चार चकरा झाल्या तेव्हा मी घड्याळ बघायचंच विसरले होते. सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ये म्हणून सांगितलं. ती आठ वाजता आली, कारण त्या गावाहून पहिली बस आठलाच पोचायची. शेवटी तिची प्रॅक्टिस मी दुपारी उन्हात एकटीची घ्यायचे.

पळण्यात तिला तोड नव्हती, पण न ऐकण्यातही नव्हती. सुरुवातीलाच अशी सुटायची की वाघ मागे लागलाय. दहा किलोमीटरची शर्यत, आणि ही पहिल्या किलोमीटरलाच सगळा दम उधळून मोकळी. मी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. म्हटलं, बाई, सुरुवात हळू कर.

"हळू पळलं तर मागं पडतो न मॅडम."

"मग नंतर पुढे जायचं."

"मंग आधीच पुढं असलं तर काय वाईट हाय?"

मी शिट्टी वाजवून तिला परत सुरुवातीच्या रेघेवर उभं केलं.

दुसरी एक होती, गावातलीच, शिंप्याची मुलगी, कॉमर्सला. जाड काचांचा चष्मा लावायची आणि पळताना तो पडू नये म्हणून मागून इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतली होती. वडिलांनीच शिवून दिली असणार. ही स्वतःहून आली. सहा वाजता म्हटलं की पावणेसहाला हजर. अशी मुलगी मिळाल्यावर मी खूश व्हायला हवं होतं, पण ती प्रश्न विचारायची. श्वास नाकानं घ्यायचा की तोंडानं? किती पावलांना एक? चढ आला की हात कसे हलवायचे? पुढचीला गाठायचं तर डावीकडून की उजवीकडून? पाणी किती वेळ आधी प्यायचं? आणि हे सगळं मी बाकीच्या चौघींना जमवण्याच्या धांदलीत असताना.

"आधी पळ गं बाई," मी म्हणायचे. "पळता पळता कळेल."

ती मान हलवायची आणि पळायला लागायची, पण तिचा चेहरा सांगायचा की उत्तर मिळालेलं नाही. पळायचीही तशीच, सावकाश, सारख्या पावलांनी, जणू कुणीतरी आखून दिलेल्या रेघेवरून. मला तो वेग बघवत नसे. संघात ती सहावी आहे असंच मी धरून चालले होते.

विद्यापीठाच्या स्पर्धा त्या वर्षी मंचेरियलला होत्या. स्पर्धेला अडीच आठवडे राहिले आणि माझी खेड्यातली पोरगी गायब झाली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चार दिवस. फोन भावाकडे. तो दरवेळी सांगायचा, "वावरात हाय." पाचव्या दिवशी मी स्कूटर काढली आणि तिच्या गावाचा रस्ता धरला.

वावर सापडलं तेव्हा ऊन चढलेलं होतं. कापसाची पऱ्हाटी कमरेच्या वर, बोंडं फुटून सगळं रान पांढरं झालेलं. ती आणि तिची आई कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. मला बघून पोरगी हसली आणि परत खाली वाकली. आई सरळ झाली.

"काऊन आल्या मॅडम?"

मी सांगितलं. स्पर्धा आहे, मंचेरियलला आहे, हिच्यावाचून संघ उभा राहत नाही, दोन आठवडे प्रॅक्टिसला पाठवा.

"पळाची प्रॅक्टिस?" बाईला खरंच कळेना. "थे त येतेच तिले. लहानपनापासून पळते. पुन्हा काय शिकाचं?"

"ताई, पळायचं कसं ते शिकावं लागतं."

"बरं. अन् हा कापूस?" तिने हात फिरवून रान दाखवलं. "पाऊस आला मंजे सगळा भिजते. मानसं भेटून नाही राह्यली. मी एकटी का का करू? वेचा झाला की न्या, मी काई म्हनत नाही."

वेचा कधी होईल विचारलं तर म्हणाली, पंधरा-वीस दिवस. स्पर्धा बारा दिवसांवर. मी उभी राहून बोलत राहिले, ती वेचता वेचता ऐकत राहिली, आणि मला जाणवलं की मी तिचं कामही खोळंबवते आहे आणि माझंही. त्या तिरमिरीत माझ्या तोंडून निघून गेलं, "ठीक आहे. रविवारी मी सगळ्या मुलींना घेऊन येते. आम्ही सात जणी वेचू. मग पाठवाल?"

बाई हसली. "या न," म्हणाली.

मला वाटलं, झालं काम. परतताना स्कूटरवर मी स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते. कापूस वेचायला लागतं काय? बोंडात हात घालायचा आणि ओढायचा. शिवाय वाकून वाकून मुलींच्या कमरा भक्कम होतील.

रविवारी सकाळी आम्ही बसने गेलो. त्या दिवसाचं वर्णन करायला मला आजही लाज वाटते. पहिल्या अर्ध्या तासात बोंडांच्या टोकांनी सगळ्यांच्या बोटांतून रक्त यायला लागलं. एकीला अळी दिसली, ती ओरडत बांधापर्यंत पळाली. म्हटलं, बघा, ही प्रॅक्टिसला एवढी कधी पळत नाही. एकीने न फुटलेली बोंडं तोडून ओटीत भरली. दोघींनी कापसाबरोबर वाळका पाला, काड्या, सगळंच ओरबाडून आणलं. मी स्वतः दोन ओळी कशाबशा केल्या आणि कंबर धरून उभी राहिले. दुपारी एकीला ऊन लागलं, तिला सावलीत झोपवून ओला रुमाल डोक्यावर ठेवला आणि दुसरी एक तिची सेवा करायला म्हणून बसली ती उठलीच नाही.

तिसऱ्या प्रहरी बाईने सगळ्यांच्या ओट्या एका कापडावर रिकाम्या करायला लावल्या. मांडी घालून बसली आणि हाताने कापूस चाळत राहिली. आमचा कापूस बाजूला सारून तिने काड्या वेचायला सुरुवात केली तेव्हा मला ओरडा खाल्ल्यासारखं झालं.

"इतल्या जनी मिळून," शेवटी ती म्हणाली, "माह्या एकटीइतका बी नाही वेचला. अन् आता हा साफ कराले मले अख्खा दिवस पायजे."

मग तिने एक लहानसा ढीग उचलून नाकाजवळ धरला, उलटापालटा केला. "हा कोनाचा होय?"

चष्मेवाली पुढे झाली. तिचा ढीग सगळ्यांत छोटा होता.

"ही एक पोरगी नीट वेचते," बाई म्हणाली. "हळू वेचते, पन साफ वेचते."

मी ते ऐकलं. ऐकलं आणि सोडून दिलं, कारण माझं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. बाई पदराने हात पुसत उठली आणि मला म्हणाली, "घेऊन जा मॅडम हिले. उद्यापासून घेऊन जा. माह्या बहिनीले बोलावतो मी. पन या पोरी पुन्हा माह्या वावरात आनू नका."

असा मला माझा संघ मिळाला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही बसने मंचेरियलला निघालो. बसमध्ये मी मुलींना पुढच्या सीटच्या दांड्याला धरून उभं राहून सांगत होते. दहा किलोमीटर, पाच-पाचच्या दोन चकरा. पहिले सहा किलोमीटर दम राखायचा, कोणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचं. सहानंतर एकेक मुलगी गाठायची. एक गाठली की पुढची. खेड्यातली पोरगी खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक मोजत होती. एकीच्या कानात गाणी होती. दोघी झोपल्या होत्या. चष्मेवालीने विचारलं, "सहा किलोमीटर झाले हे कसं ओळखायचं?" मी म्हटलं, उद्या रस्ता दाखवतील तेव्हा बघू, आणि खाली बसले. माझा घसा बसला होता.

संध्याकाळी रस्ता दाखवला. मैदानातून निघून कच्च्या वाटेने शेतांच्या कडेकडेने जायचं, एका मोरीवरून वळायचं, कडुलिंबाच्या मोठ्या झाडाजवळून परत मैदानाकडे. चुन्याच्या रेघा आणि लाल झेंड्या. मग सगळ्या संघांच्या मॅनेजरांची बैठक झाली. पंच नियम वाचत होते आणि मी छातीवरच्या नंबरांसाठी सेफ्टी पिना मोजत होते. चोवीस लागतात, वीसच होत्या. कागद पुढे आला, सही केली.

सकाळी सुरुवातीची शिट्टी वाजली आणि माझी खेड्यातली पोरगी सुटली. साठ-पासष्ट मुलींच्या पुढे, एकटी, वाघ मागे लागल्यासारखी. माझ्या शेजारी उभे असलेले दुसऱ्या कॉलेजचे सर म्हणाले, "ये लड़की किसकी है? खतम हो जाएगी." मी माझी आहे म्हणून सांगितलं नाही.

मी कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. पहिल्या चकरेला ती सगळ्यांच्या पुढे होती, चेहरा लालबुंद, तोंड उघडं. आमच्या आणखी दोघी दहा-पंधरांत होत्या, हे बरं होतं. चौथी पोट धरून आली आणि माझ्यासमोरच झाडाखाली बसली. "मॅडम, कळ आली." तिला पाणी दिलं, तिने ओकून टाकलं. पाचवी चालत येताना दिसली. चालत! मी ओरडले तर हात हलवून म्हणाली, "होत नाही मॅडम," आणि वाटेतूनच बाहेर पडून मैदानाकडे निघून गेली.

म्हणजे आता तिघीच उरल्या. चौथी फक्त चष्मेवाली. आणि ती होती मागून आठवी की नववी. आली, तीच सावकाश पावलं, चष्मा जागच्या जागी, माझ्याकडे न बघता पुढे गेली. मी काय काय ओरडले ते आठवत नाही. ती झाली आमच्या नंबरांची शेवटची आशा, आणि ती जणू भाजी आणायला निघाली होती.

दुसऱ्या चकरेला खेड्यातली पोरगी दुसरी आली. दमली होती, मान एका बाजूला पडली होती, पण पळत होती. त्या दोघीही होत्या. मी मनात बेरीज करत होते. चष्मेवाली पंचविसांतही आली तर संघ वरच्या तिघांत. मी मोरीच्या दिशेने पाहत राहिले. शेवटी ती दिसली. तिशीच्या आसपास असेल. तिच्यापुढे तीन-चार मुलींचा एक घोळका, हातभर अंतरावर नाही, पण गाठता येईल असा. आणि ही तशीच. सारखी पावलं.

मला त्या क्षणी जे झालं त्याला वैताग हा शब्द पुरत नाही. सहा मुली जमवायच्या म्हणून केलेली सगळी पायपीट, ते काका, ती कुत्री, तो कापूस, सगळं एकदम डोक्यात चढलं. मी चुन्याची रेघ ओलांडली आणि तिच्या बाजूने पळायला लागले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली.

"हात हलव! त्या पोरी बघ! अगं, बघ तरी! आता नाही तर कधी?"

तिने मान वळवली. धापा टाकत काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं, "मॅडम, बाजूला व्हा." मला वाटलं दमून चिडली आहे. मी आणखी जोरात ओरडले. ती अडखळली, चष्मा घसरला, तिने तो एका हाताने सारखा केला, आणि मग ती अशी सुटली की माझ्याच्याने गाठणं होईना. घोळका तिने मैदानाच्या फाटकाआधीच मागे टाकला आणि त्याच्या पुढच्या मुलीही एकेक करून गाठायला लागली. मी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. मला वाटलं, बघा, ओरडल्यावर जमतं की नाही.

ती सतरावी आली. खेड्यातली पोरगी दुसरी. बाकीच्या नववी आणि चौदावी. बेरीज करून बघितली तर आमचा संघ दुसरा येत होता. आमच्या कॉलेजात हे कधी झालेलं नव्हतं. मी मुलींना मिठ्या मारत होते तेव्हा एक मुलगा सांगत आला की पंचांनी बोलावलंय.

पांढरी टोपी घातलेले वयस्कर पंच टेबलाशी बसले होते. आवाज अगदी शांत.

"मॅडम, आप लड़की के साथ दौड़े थे?"

"थोड़ा-सा, सर. बस दो-चार कदम."

"उस झाड़ से फाटक के पास तक. मोटरसाइकिल पर हमारे आदमी ने देखा." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "कल की मीटिंग में बताया था, साथ में कोई नहीं दौड़ेगा. ये आपका ही साइन है न?"

होती. माझीच सही होती. तरी मी भांडले. हिंदीत भांडले, तेलुगूत भांडले. शेवटी मराठीतही काहीतरी बोलले, ते त्यांना कळलं नसावं. म्हटलं, मुलीने काय केलं? चूक माझी आहे, मला शिक्षा करा. ते म्हणाले, "नियम में सज़ा दौड़ने वाले को ही होती है, मॅडम. मुझे भी अच्छा नहीं लगता." त्यांनी चष्मेवालीच्या नंबरावर रेघ मारली. चौथी मुलगी नाही, म्हणून संघच नाही. दुसऱ्या नंबरावरून आम्ही यादीतच राहिलो नाही.

ती पाण्याच्या टाकीपाशी चष्म्याच्या काचा टी-शर्टने पुसत बसली होती. मी तिला सांगितलं. नियम सांगितला, माझी चूक सांगितली, सगळं एका दमात. तिने चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "पहिले सहा किलोमीटर दम राखायचा."

"हो, पण..."

"काल रस्ता दाखवला तवा मी पाहून ठेवलं होतं. सहा झाल्यापासून एकेक गाठतच आले. दुसऱ्या चकरेत झाडाच्या पुढं जिथं वाट सरळ होते, तिथून शेवटचा जोर लावायचा. तिथून मी सुटनारच होते. त्या चौघींना मी कवापासून धरून ठेवलं होतं." तिचा आवाज चढला नाही. "तुमी आल्या म्हनून नाही पळाले मी. तुमी येऊन राह्यल्या तवा माझा श्वास गेला. म्हनून म्हटलं, बाजूला व्हा."

बाकी कुणीही माझं ऐकलं नव्हतं. खेड्यातली पोरगी तर बिलकूल नाही, आणि ती दुसरी येऊन गळ्यात पदक घालून केळं खात उभी होती. जिने ऐकलं, अक्षर न अक्षर ऐकलं, तिला मीच बाद केलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती सगळ्यांत मागच्या सीटवर बसली. बाकीच्यांनी थोडा वेळ आरडाओरडा केला, मग त्याही खिडकीबाहेर बघत बसल्या. बेल्लमपल्लीला बस थांबली तेव्हा मी सगळ्यांना भजी घेतली. तिने नको म्हटलं.

कॉलेजात गेल्यावर मी प्रिन्सिपलांना सगळं सांगितलं. ते नेहमीसारखे हसले. "पर्वालेदु मॅडम. पार्टिसिपेशन तो हुआ न? फोटो है?" मी म्हटलं, सर, पर्वालेदु नाही. माझ्या चुकीने झालं आहे, मी लेखी देते, आणि त्या मुलीला कॉलेजचं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे. त्यांनी अर्ज ठेवून घेतला. प्रमाणपत्र निघालं, पण त्यावर नुसतं 'सहभाग' लिहिलेलं होतं. सतरावा नंबर कुठेच लिहिता येत नव्हता.

खेड्यातल्या पोरीची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. तिला दुसऱ्या राज्यात जायचं होतं, आणि या वेळी तिच्या आईने काही म्हटलं नाही. परत आल्यावर मी विचारलं, कशी होती शर्यत? "लय गर्दी होती," ती म्हणाली. नंबर विचारला तर म्हणाली, "पाह्यलाच नाही न."

चष्मेवाली मैदानावर यायची बंद झाली. आठवडा झाला, दहा दिवस झाले. एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत वडिलांचं मशीन, मागे घर. आईने चहा केला. वडील मशीनवरून उठले नाहीत, पण मशीन थांबवलं. ती आतून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी मनात बरंच ठरवून गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, "माझी चूक झाली."

इतकी वर्षं मी मुलींना, त्यांच्या पालकांना, सहकाऱ्यांना कधी ना कधी हे वाक्य बोललेली आहे. समोरचं माणूस नेहमी म्हणतं, नाही नाही मॅडम, असू द्या. मीही त्याचीच वाट बघत होते.

"हो," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, असू द्या, खरं आहे ते. चहा संपला.

मी उठले तेव्हा तिने विचारलं, "पुढच्या वर्षी तुमी कुठं उभं राहनार?"

"तू सांगशील तिथे."

"शेवटच्या रेघेच्या मागं. तिथून हलायचं नाही."

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी ती पावणेसहाला मैदानावर होती. श्वासाचा प्रश्न तिने परत विचारला आणि मी खरं ते सांगितलं, की मला नीट माहीत नाही, विचारून सांगते. हैदराबादला असलेल्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीला फोन करून विचारलं. निम्म्याहून जास्त गोष्टी मी इतकी वर्षं चुकीच्या सांगत आले होते.

पुढच्या वर्षीची शर्यत निर्मल जिल्ह्यात, मुधोळच्या बाजूला झाली. संघ जमवताना परत तेच. एकीचं लग्न ठरलं, एकीने बूट आणलेच नाहीत, खेड्यातली पोरगी परत पहिल्या किलोमीटरलाच दम उधळून बसली. मी शेवटच्या रेघेच्या मागे उभी होते. तिथून पळण्याची वाट दिसत नव्हती, मैदानाचं नुसतं फाटक दिसत होतं, आणि त्यातून कोण येईल याची वाट बघत राहायचं. दुसऱ्या कॉलेजांचे सर दोरीला लोंबकळून ओरडत होते. मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. ती कशी पळाली, कुठे जोर लावला, कुणाला कुठे गाठलं, यातलं मी काहीच पाहिलं नाही, त्यामुळे सांगू शकत नाही.

फाटकातून आली ती अकरावी. संघ तिसरा आला. प्रिन्सिपल साहेबांना त्यांचा फोटो मिळाला. त्यात सगळ्या मुली हसताहेत, आणि मी एका कडेला, ओठ घट्ट मिटून उभी आहे.